शिसे: कोणी न मागितलेला धातू?

खाडीकाठ (धागाकर्ता)

आमच्या आजोबांचा पाग होता. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. जाळं पाण्यावर पसरलं की मणी आधी तळाला जातात आणि मासळी आत अडकते. मणी हरवले की आजोबा घरीच नवे ओतायचे. चुलीत नारळाची सोडणं पेटवायची, लोखंडी पळीत शिशाचे तुकडे टाकायचे आणि पळी जाळावर धरायची. थोड्या वेळात सगळ्याचा आरशासारखा चकचकीत रस. साचा मातीचा असायचा आणि तो दोन दिवस चुलीच्या वर ठेवून खडखडीत सुकवलेला. "ओल ऱ्हवली तर शिसा तोंडार उडता," असं म्हणून आम्हा पोरांना पडवीच्या बाहेर हाकलायचे.

परवा घर आवरताना ती पळी सापडली आणि डोक्यात किडा वळवळला: चुलीवर वितळणारा हा धातू माणसाला कधीपासून माहीत असेल? महिनाभर जमेल तसं वाचलं. ते इथे टाकतोय, चुकलं तर कान धरा.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. तांब्याला १०८५ लागतात, लोखंडाला १५०० च्या वर. शुद्ध शिसं निसर्गात जवळपास मिळत नाही, पण त्याचं खनिज गॅलेना डोळ्यात भरणारं असतं: करडं, चमकदार, हातात घेतलं तर अपेक्षेपेक्षा जड, आणि फोडलं की चौकोनी तुकडे पडतात. त्यातून शिसं काढायला चुलीपेक्षा जास्त आच लागते, पण कुंभाराच्या आव्याइतकी पुरते. त्यामुळे खनिजापासून धातू काढायच्या माणसाच्या पहिल्या प्रयोगांत शिसं असणार, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

पुरावे मात्र विरळ आहेत. तुर्कस्तानातल्या चाताल ह्युयुकचे मणी बरीच वर्षं जगातलं सर्वात जुनं शिसं म्हणून मिरवत होते. पुढे तपासणीत ते गॅलेनाचे निघाले, म्हणजे धातू नव्हेच, चमकदार दगड. उत्तर इराकमध्ये यारिम तेपे इथे इ.स.पू. सहाव्या सहस्रकातलं शिशाचं कंकण मिळालं आहे. माझा सर्वात आवडता पुरावा इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या अशालिम गुहेतला. लाकडी दांडी आणि तिच्यावर शिशाचा गोळा बसवलेला. लाकूड झाऊच्या जातीचं. काळ इ.स.पू. पाचव्या सहस्रकाचा शेवट. शिसं जवळपास शुद्ध आहे आणि ते आलं तुर्कस्तानच्या टॉरस डोंगररांगांतून, म्हणजे शेकडो किलोमीटरवरून. वस्तू मिळाली गुहेच्या अगदी आतल्या भागात. चाती असेल, गदेचं बोंड असेल. कोणीतरी ती एवढ्या आत नेऊन ठेवली, एवढं खरं.

आता प्रश्न असा: शिसं इतकं सोपं, तर त्या काळात ते इतकं कमी का सापडतं? माझं उत्तर: त्याचं काय करायचं हेच कोणाला कळेना. पातं करावं तर धार धरत नाही. दागिना करावा तर चार दिवसांत काळवंडतो. भांडं करावं तर वाकतं. तांब्याने माणसाला कुऱ्हाड दिली, सोन्याने मिरवायला दिलं. शिशाने वजन सोडून काही दिलं नाही.

मग चांदी आली आणि चित्र पालटलं. जुन्या जगातली बरीचशी चांदी गॅलेनात दडलेली असते. खनिज वितळवलं की चांदी शिशात उतरते. मग ते चांदीमिश्रित शिसं हाडांच्या राखेच्या उथळ ताटलीत लालभडक तापवायचं आणि वरून भात्याने वारा घालायचा. शिशाचं मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, होतं. ते वितळून वाहून जातं, राखेत मुरतं. शेवटी ताटलीत चांदीचं बटण उरतं. सीरियातल्या हबूबा कबीरा इथे इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरचे असे मुरदाडशिंगाचे अवशेष मिळाले आहेत. एक किलो चांदी मिळवायला शेकडो किलो शिसं गाळावं लागे. मुरदाडशिंग कोळशात पुन्हा जाळलं की शिसं परत हातात! म्हणजे चांदीच्या प्रत्येक खाणीपाशी शिशाचा ढीग. मागणी नाही, पण माल उदंड. पुढची तीन हजार वर्षं माणूस या ढिगाला गिऱ्हाईक शोधत होता, असं माझं मत झालंय.

प्रतिसाद

वाचनमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). चातालचे मणी दगड निघाले हे वाचून हसू आलं. आमच्याकडे 'सोन्याची' म्हणून जपलेली नथ अशीच निघाली होती.

चिंचगुळ

छान लिहिलंय. बाळबोध शंका: शिसपेन्सिलीत शिसं असतं का? लहानपणी टोक चावायची सवय होती, म्हणून विचारतेय.

भट्टीवाला

@चिंचगुळ, नसतं, निवांत राहा. ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला ग्राफाइट सापडलं तेव्हा लोकांनी ते शिशाचाच काळा प्रकार समजलं. १७७९ मध्ये शीले या रसायनशास्त्रज्ञाने ते कार्बन असल्याचं दाखवलं, तोवर नाव रुळून गेलं होतं. आपण ती चूक भाषांतर करून घरी आणली. पेन्सिलीच्या बाहेरच्या रंगाबद्दल मात्र मी हमी देणार नाही, जुन्या रंगांत शिसं सर्रास असायचं.

@खाडीकाठ, चांदी गाळायच्या ताटलीचं वर्णन बरोबर आहे. मी धातुशाळेत नोकरी केली, तिथे सोन्याचा कस काढायला आजही हीच पद्धत वापरतात. नमुना शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा, हाडाच्या राखेच्या वाटीत ठेवायचा, भट्टीत घालायचा. शेवटच्या क्षणी शिशाचा शेवटचा पापुद्रा सुटतो आणि थेंब एकदम लखलखतो. हजारदा पाहिलं तरी नजर हटत नाही. पाच हजार वर्षांपूर्वी भात्यापाशी बसलेल्या माणसालाही तेच दिसलं असणार.

खाडीकाठ

@भट्टीवाला, क्या बात! हे पुस्तकात मिळत नाही.

गिऱ्हाईक शोधण्याबद्दल थोडं अजून. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणी घ्या. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा लागला. पैसे नागरिकांत वाटून टाका असा सूर होता. तिथला नेता थेमिस्टोक्लिस याने त्याऐवजी युद्धनौका बांधायला लावल्या. इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसला इराणी आरमार त्याच नौकांनी हरवलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्या चांदीसोबत निघालेल्या शिशाची गोष्ट कोणी सांगत नाही. ग्रीक लोक देवळांचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडत आणि पट्टीभोवती वितळलेलं शिसं ओतत. पार्थेनॉनमध्येही तेच केलंय. लोखंडाला पाणी लागत नाही, गंज धरत नाही, भूकंपात दगड थोडा हलला तरी मऊ शिसं धक्का पचवतं. नंतरच्या काळात लोकांनी शिसं आणि लोखंड काढून न्यायला कित्येक देवळांच्या दगडांना भोकं पाडली.

गोफणगुंड्यांनाही शिसं. साच्यात ओतलेल्या, बदामाच्या आकाराच्या. रोमन यादवीत, इ.स.पू. ४१-४० मध्ये पेरुजियाच्या वेढ्यात, दोन्ही बाजूंनी गुंड्यांवर एकमेकांना अर्वाच्य शिव्या ओतल्या होत्या. त्या इथे लिहिल्या तर संपादक धागा उडवतील.

तिखटमीठ

एवढं सगळं सांगून मुख्य मुद्दा राहिला. रोमन साम्राज्य शिशाने बुडालं. नळ शिशाचे, द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवायचे, सम्राट वेडे झाले, खेळ खलास. यावर कोणी बोलत नाही.

पळसपान

@तिखटमीठ, बोलले आहेत, आणि खूप भांडलेही आहेत. १९८३ मध्ये न्रियागू या संशोधकाने ही मांडणी जोरात केली. लगेच अभिजात साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्यातले लॅटिन दाखले तपासून टीका केली. नळांचं म्हणाल तर रोमचं पाणी कॅल्शियमयुक्त, त्यामुळे नळाच्या आत चुन्याचा थर धरायचा. शिवाय तोट्या फारशा नव्हत्या, पाणी अखंड वाहायचं, नळात मुरत नव्हतं. २०१४ मध्ये रोमच्या बंदरातल्या गाळाचा अभ्यास आला. नळाच्या पाण्यात शिसं झऱ्याच्या पाण्याच्या १०० पटींपर्यंत होतं, पण त्यामुळे मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली असेल असं त्या संशोधकांना वाटत नाही.

आटवलेल्या रसाचं प्रकरण जास्त गंभीर. द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात उकळला की आम्लात शिसं उतरतं आणि रस गोड होतो. तांब्याच्या भांड्यात चव बिघडते म्हणून शिशाचं वापरा असा सल्ला शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेल्ला देतो. श्रीमंतांच्या पोटात ते रोज जात असणार. पण पश्चिमेचं साम्राज्य पडलं पाचव्या शतकात, आणि पूर्वेचं त्यानंतर हजार वर्षं टिकलं. तिकडच्यांनाही रस आवडायचाच की.

तिखटमीठ

म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं विष आहे ते?

पळसपान

तिथेच तर मेख आहे. माहीत होतं. निकांदर नावाच्या ग्रीकाने इ.स.पू. दुसऱ्या शतकात विषांवर काव्य लिहिलं, त्यात सफेद्याने, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाने, होणारी विषबाधा वर्णिली आहे. रोमन वास्तुविशारद विट्रुवियस तर थेट सांगतो: पाणी मातीच्या नळाने न्या, शिशाच्या नको, शिसं ओतणाऱ्या कारागिरांचे चेहरे बघा, कसे पांढरेफटक पडलेत. तरी नळ शिशाचेच राहिले. पत्रा घ्या, गजाभोवती गुंडाळा, सांधा डाखा, झालं. मातीचा नळ कोपऱ्यावर वळवताना फुटतो. शिवाय ब्रिटनमधून स्वस्त शिसं येत होतं. रोमनांनी इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली आणि ४९ सालचा शिक्का असलेली शिशाची लगड मेंडिपच्या टेकड्यांत मिळाली आहे. म्हणजे सहा वर्षांच्या आत खाणी चालू! रोमन लेखक प्लिनी म्हणतो की तिकडे शिसं इतकं वर-वर लागतं की अमुकपेक्षा जास्त काढू नये असा कायदा करावा लागला.

'प्लंबर' हा शब्दही त्यांच्या प्लंबमचाच (लॅटिनमध्ये शिसं) वंशज. अजून एक: ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत त्या काळच्या भट्ट्यांचा धूर अडकलाय. २०१८ साली आलेल्या अभ्यासात लढाया आणि साथींच्या काळात शिसं कमी झालेलं दिसतं. इ.स. १६५ च्या अँटोनाइन साथीनंतर तर ते पार घसरतं. बखरकार खोटं लिहील, बर्फ लिहीत नाही.

नाणेघाट

उशिरा आलो, पण शीर्षकावर आक्षेप नोंदवतो. 'कोणी न मागितलेला' हे भूमध्य समुद्रापुरतं ठीक. आमच्या दख्खनमध्ये शिसं मागवलं जात होतं, तेही गलबतं भरून.

पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वाटाड्यात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात तांबं, कथील आणि शिसं स्पष्ट लिहिलंय. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर यांची नावंही आहेत, तिथला माल गाड्यांनी भडोचला जायचा. प्लिनी म्हणतो की भारताकडे शिसं नाही, तो रत्नं आणि मोती देऊन ते घेतो. त्याची माहिती अर्धवट होती. राजस्थानात दरीबा, आगुचा, जावर इथे इसवी सनाच्या बऱ्याच आधीपासून शिसं-चांदीच्या खाणी चालू होत्या. पण तिकडची खाण असणं आणि पैठणच्या टांकसाळीला हवा तेवढा माल मिळणं, यात फरक आहे.

हवा कशाला? नाण्यांना! सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली, दोन-चार नव्हे, रग्गड. जगात इतक्या प्रमाणात शिशाचं चलन चालवणारे राजे फार थोडे. कोल्हापूरकडच्या कुर राजांचीही आहेत: 'विळिवायकुर', 'सिवलकुर' अशी नावं, एका बाजूला धनुष्यबाण. हातात घेतलं की आधी वजन जाणवतं.

आता उलटी बाजू बघा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप राजा नहपानाला हरवलं तेव्हा चांदी हाताशी आली. मग त्याने काय केलं? नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा मारला. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये तेरा हजारांवर नाणी एका ठिकाणी मिळाली, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश अशी पुन्हा ठोकलेली. चांदी परक्याची चालली, शिसं मात्र रोजच्या बाजारासाठी स्वतःच पाडायचं. भाजीपाला चांदीने घेत नाहीत. बाजाराला सुटे लागतात, आणि सुट्यांना स्वस्त धातू लागतो.

खाडीकाठ

@नाणेघाट, कान धरलेत, मान्य. शीर्षकाला प्रश्नचिन्ह होतं म्हणून वाचलो. मी शिशाकडे खाणीच्या तोंडाशी उभा राहून पाहत होतो, तुम्ही बाजारात उभे आहात. पण एक विचारतो: एकीकडे रोमन जगात चांदीमागे शिशाचे ढीग, दुसरीकडे दख्खनला सुट्यांसाठी स्वस्त धातूची गरज. मग माझ्या ढिगाला गिऱ्हाईक मिळालं ते तुमच्या पैठणात, असं म्हणता येईल की नाही?

नाणेघाट

काही नाण्यांपुरतं म्हणता येईल, सगळ्यांना तेच लावू नका. शिशाचे चार टिकाऊ समस्थानिक (एकाच धातूचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) असतात, त्यांची प्रमाणं खाणीगणिक वेगळी. तुमच्या अशालिमच्या गोळ्याचं गाव त्यातूनच कळलं. नाण्यांचंही तसंच करावं लागतं, एकेका नाण्याचं. घाईत निष्कर्ष नको.

ओवीकाकू

नातवाने हा धागा वाचून दाखवला, आणि मला आमच्या घरचं रुद्र आठवलं. चमकात पाचव्या अनुवाकात येतं: 'हिरण्यं च मेऽयश्च मे सीसं च मे त्रपुश्च मे श्यामं च मे लोहं च मे'. सोनं मागतो तसं शिसंही मागतोच की देवाकडे! तेव्हा 'कोणी न मागितलेला' कसा? यजमान मागतोय.

अथर्ववेदात पहिल्या कांडात सोळावं सूक्त शिशाचंच आहे. इंद्राने मला शिसं दिलं, ते यातूंना, म्हणजे दुष्ट शक्तींना, पळवून लावतं, आमची गाय, घोडा, माणूस मारशील तर तुला शिशाने वेधू, असा अर्थ.

खाडीकाठ

काकू, साष्टांग दंडवत. चमक शेकडो वेळा ऐकलंय, 'सीसं' कधी कानात शिरलंच नाही. आता शीर्षक बदलायची परवानगी संपादकांकडे मागतो.

पळसपान

काकूंच्या सूक्तावरून रोमन शापपट्ट्या आठवल्या. चोराचं, शत्रूचं नाव शिशाच्या पत्र्यावर कोरायचं, गुंडाळायचं, विहिरीत किंवा थडग्यात टाकायचं. इंग्लंडमधल्या बाथच्या कुंडात शंभरावर मिळाल्या, बहुतेक किरकोळ चोरीच्या, कपडे गेले वगैरे. जड, थंड, निस्तेज धातू, म्हणून शत्रूही तसाच व्हावा. दोन्हीकडे शिसं शत्रूवर सोडलेलं आहे. संबंध असेल असं म्हणत नाही, पण धातूचा स्वभावच तसा.

चिंचगुळ

मग शेंदूर? मारुतीला लावतो तो शिशाचाच ना?

भट्टीवाला

हो, अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचं लाल भस्म. मुरदाडशिंग हवेत मंद आचेवर बराच वेळ भाजलं की केशरी-लाल होतं. आच जास्त झाली तर पुन्हा पिवळं. हल्ली बाजारात शेंदूर म्हणून काय काय मिळतं ते विचारू नका. लॅटिनमध्ये या लालीला पुढे मिनियम म्हणू लागले. मध्ययुगीन पोथ्यांत तिने अक्षरं आणि चित्रं रंगवत, त्यावरून लघुचित्रांना 'मिनिएचर' हे नाव पडलं. म्हणजे लहान आकाराशी त्या शब्दाचा मुळात संबंध नाही.

गवयाला पानातून शेंदूर खायला घातला आणि आवाज गेला, या आपल्याकडच्या गोष्टी प्रत्येकाने ऐकल्या असतील. कुठली खरी ते मला ठाऊक नाही, पण शिसं नसांवर घाला घालतं हे पक्कं. जुन्या रंगाऱ्यांची मनगटं लुळी पडून लोंबत. गोष्ट रचणाऱ्याला शेंदूर कसला असतो हे नक्की माहीत होतं.

दुपारचा_चहा

गंभीर चर्चेत घरगुती प्रश्न. आमच्या पणजोबांच्या लाकडी पेटीत सात-आठ काळी, जड नाणी होती. कोणती ते माहीत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर त्यांच्यावर पांढरी पूड जमलेली. पेटी घट्ट बंद असते. बुरशी समजून ब्रशने झटकावी का?

नाणेघाट

झटकू नका! आणि तोंडाला कापड बांधल्याशिवाय पेटीशी खेळू नका. नाणी शिशाची असणार. लाकडातून आम्लाची वाफ सुटते, बंद पेटीत ती कोंडते, आणि शिसं हळूहळू पांढरं पडत जातं. संग्रहालयांत शिशाची नाणी लाकडी खणात ठेवत नाहीत, त्याचं हेच कारण.

पळसपान

आणि ही पूड म्हणजे सफेदा! थिओफ्रास्टस या ग्रीक तत्त्ववेत्त्याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास कृती लिहून ठेवलीय: मडक्यात व्हिनेगर, त्यावर शिसं, झाकण लावा, काही दिवसांनी उघडा, पांढरा थर खरवडून घ्या. ग्रीक बायका तो चेहऱ्याला फासत. @दुपारचा_चहा, तुमच्या पणजोबांच्या पेटीत गेली शंभर वर्षं ग्रीक सौंदर्यप्रसाधनांचा कारखाना चाललाय.

दुपारचा_चहा

अरे देवा. आई काल त्याच पेटीवर बसून शेंगा सोलत होती.

भट्टीवाला

पेटी बंद असेल तर हरकत नाही. नाणी एकेक करून प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घाला, हातमोजे घालून. पेटी ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या, हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर आधी त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.

खाडीकाठ

माझ्या आजोबांनी पडवीतून हाकललं होतं तसं.